ओलं फडकं

त्या वर्षी विहिरी खाली गेल्या आणि माणसांचे दोर लांब झाले. एरवी तीस हातांत भागायचं, तिथं लोक पन्नास हात मागायला लागले, मग साठ. ज्यांच्या विहिरींनी तळ दाखवला, त्यांनी त्या आणखी खोल खणायला काढल्या, आणि खणणाऱ्यालाही दोर हवाच. पाणी सगळ्यांच्या तोंडचं पळालं होतं. दोरवाल्याच्या घरी मात्र त्याच पायी काम आलं. आणि काम आलं त्याच आठवड्यात घरातला एक हात मोडला.

हात दोरवाल्याच्या बायकोचा. विहिरीच्या ज्या पायऱ्या जन्मभर पाण्याखाली होत्या त्या उघड्या पडल्या होत्या, त्यांच्यावर शेवाळ होतं. घागर घेऊन उतरताना ती घसरली आणि मनगटावर पडली. घागरीला पोचासुद्धा आला नाही.

"घागर वाचली," नवरा म्हणाला.

"हो ना. मनगट काय, घरचंच आहे," ती म्हणाली.

पण ती चाक फिरवायची. घरामागं शंभर पावलांची एक सरळ पट्टी होती, चालून चालून सिमेंटसारखी घट्ट झालेली. एका टोकाला माणसाच्या छातीइतकं लाकडी चाक आणि मधे ओळीनं पाच खुंट, त्यांच्यावरून पेड जायचा. चाक एकानं फिरवायचं. दुसऱ्यानं कमरेला तागाची मोळी गुंडाळून, बोटांतून ताग सोडत सोडत मागं मागं चालायचं. असे तीन पेड झाले की दोरवाला ते एकत्र वळायचा. ताग फणीवर विंचरायचा तो त्यानंच. म्हणजे घरात कामाची माणसं तीन आणि कामं तीन. एक माणूस गळालं की गाडं अडलं.

मागं चालायची ती आक्का, दोरवाल्याची थोरली बहीण. लग्न होऊन सहा वर्षांनी पांढऱ्या कपाळानं माहेरी आली आणि आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं कमरेला मोळी बांधली, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली होती. तिच्या हातचा पेड बोट फिरवून बघितला तरी कुठं जाड-बारीक लागत नसे. दोर घ्यायला येणारी माणसं विचारत, "आक्कांच्या हातचा ना?" मग उलगडूनही बघत नसत.

"चाकावर भिंगरीला बसवू," दोरवाला म्हणाला.

भिंगरी त्याची मुलगी. नऊ वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. तिनं आईकडं बघितलं, मग आत्याकडं.

"सकाळी शाळा असते तिची," आई गळ्यातल्या झोळीतला हात सावरत म्हणाली.

"दुपारी जाऊ दे. सकाळच्या गारव्यातच ताग वळतो. ऊन चढलं की तो तडकतो, हे तुला का सांगायला हवं?"

"सकाळीच इंग्रजीचा तास असतो, बाबा," भिंगरी म्हणाली. "बाई म्हणाल्यात, महिनाअखेरीला जो इंग्रजीत पास नाही त्याला पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवणार नाहीत. परत चौथीतच बसायचं."

"मग बस. चौथीची बाकं काय टोचतात?"

आक्का तागाची गाठ सोडवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "परत बसवलेली पोर शाळेत जात नाही रे. घरीच बसते."

दोरवाला जन्मला त्या वर्षी त्याची आई बरेच महिने अंथरुणाला होती आणि दुसरीतल्या आक्काला शाळेतून काढून ह्याच चाकावर बसवलं होतं. ह्या गोष्टीबद्दल घरात कुणी कधी बोललं नव्हतं. पण चाकाच्या दांड्यावर एक खालचा खिळा होता. लहान मुलीचा हात पुरावा म्हणून तिच्या बापानं ठोकलेला. तो तिथंच होता. आता त्या खिळ्याला दोरवाल्यानं पुन्हा मूठ बसवली.

संध्याकाळी बाई स्वतः आल्या. तरुण होत्या, सायकल हातात धरून उभ्या राहिल्या. घरच्या बाईचा हात बघून त्यांना फार बोलता येईना. त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याचे चार तुकडे काढले. प्रत्येकावर मोठ्या अक्षरात एकेक इंग्रजी शब्द.

"अँड, बट, ऑर, सो," त्यांनी भिंगरीला वाचून दाखवले. "सध्या वर्गात एवढंच चाललंय. ह्यांचं व्याकरणातलं नाव लांबलचक आहे, ते तू सोडून दे. काम सोपं आहे. दोन वाक्यं घ्यायची आणि मधे ह्यातला एक शब्द घालून जोडायची. आणि लक्षात ठेव, जोडलेली दोन्ही वाक्यं बरोबरीची. कुणी कुणाचं नोकर नाही."

"चाक फिरवताना म्हटलं तर चालेल?" भिंगरीनं विचारलं.

बाईंनी दोरवाल्याकडं बघितलं.

तो जमिनीकडं बघत होता. "तोंड चाललं तर माझी हरकत नाही. हात थांबता कामा नये. पण एक सांगून ठेवतो. ह्या दोरांवर माणसं लोंबकळणार आहेत, हे काय म्हशी बांधायचं दावं नाही. दोरात एक खोट निघाली की पुस्तक बंद. मग बाई आल्या काय आणि बाईंच्या बाई आल्या काय."

"ह्यांचा शब्द म्हणजे सुंभाचा पीळ," भिंगरीची आई बाईंना हळूच म्हणाली. "जळला तरी जायचा नाही."

दुसऱ्या दिवसापासून चाकाच्या चौकटीत चार पुठ्ठे खोचले गेले आणि पट्टीवर इंग्रजी सुरू झालं.

चाक करकरायचं, ताग आक्काच्या बोटांतून सरसरायचा आणि भिंगरी ताल धरून म्हणायची, "आय अ‍ॅम स्मॉल, बट आय अ‍ॅम स्ट्राँग." मग लगेच मराठीत, "मी लहान आहे, पण दणकट आहे." बाईंनी अर्थासकट म्हणायला सांगितलं होतं. "द सन इज हॉट, सो वी सिट इन द शेड. ऊन कडक आहे, म्हणून आम्ही सावलीत बसतो."

"कोण बसतं सावलीत?" फणीवरून दोरवाला ओरडायचा. "नाव सांग, हजेरी घेतो त्याची."

मागं चालणाऱ्याचं तोंड चाकाकडं असतं. ज्याच्याकडं बघायचं त्याच्यापासूनच लांब लांब जायचं, असं ते काम. वीस वर्षं आक्का वहिनीचा चेहरा लहान होत जाताना बघत आली होती. आता भिंगरीचा बघत होती. पहिल्या खुंटापर्यंत पोरीचे शब्द स्पष्ट ऐकू यायचे. दुसऱ्यापाशी वारा असला तर अर्धे. पुढं ती नुसते ओठ बघायची, आणि चार-पाच दिवसांत तिला ओठांवरून वाक्य ओळखू यायला लागलं.

तिनं हे कुणाला सांगितलं नाही. एवढ्या मोठ्या बाईनं सांगायचं तरी काय? पण जेवताना ताटाशी, नाहीतर चूल पेटवताना, तिचे ओठ हलायचे. एकदा वहिनीनं विचारलं, "वन्सं, काय पुटपुटताय?"

"काही नाही. मोळ्या मोजतेय."

भिंगरीला 'बट' जमत नव्हतं. जिथं तिथं 'अँड' घालायची. एकदा पाणी प्यायला थांबल्या तेव्हा आक्का सहज म्हणाली, "हे बघ. पेड वळतो तो उजवीकडं आणि तीन पेडांचा दोर वळतो तो डावीकडं. का?"

"उलट वळला नाही तर उलगडेल."

"तेच ते. तुझा 'बट' म्हणजे उलटा पीळ. एक गोष्ट इकडं ओढते, दुसरी तिकडं, म्हणून धरून राहतं."

भिंगरी डोळे मोठे करून बघत राहिली. "आत्या, तुला कुठून ठाऊक?"

"दोर मला नाही ठाऊक तर कुणाला ठाऊक?" आक्का म्हणाली आणि घाईनं मोळी बांधायला वळली. पण तिचे कान गरम झाले होते, आणि दिवसभर तिला पायाखालची पट्टी जरा हलकी वाटली.

त्या आठवड्यात सुरुंगतात्यांचा दोर वळायचा होता. तात्या विहिरी खणायचे. आठ माणसांची टोळी होती त्यांची. खडक लागला की सुरुंग ते स्वतः लावायचे. त्या आवाजांनी त्यांचा डावा कान पुरता गेला होता आणि उजवाही जाण्याच्या वाटेवर होता. दोर साठ हात, जाड, तिपेडी. रोज सकाळी विहिरीत पहिल्यांदा मीच उतरणार, असा तात्यांचा नेम. खालची हवा, सुटलेले दगड बघून मग दुसऱ्याला बोलवायचं. म्हणजे ह्या दोराला पहिलं ओझं तात्यांचंच.

साठ हातांच्या पेडाला कमरेची एक मोळी पुरत नाही. मधे दुसरी जोडावी लागते. पहिलीची शेपटी आणि दुसरीचं तोंड ओल्या बोटांनी एकमेकांत चोळायचं, की चाकाचा पीळ बाकीचं करतो. हा सांधा. सांधा कितीही चांगला झाला तरी तो सांधाच, पेड तिथं जरा हळवा असतो. म्हणून घरात आजोबांपासूनचा रिवाज होता: पहिल्या पेडाचा सांधा दुसऱ्या खुंटापाशी, दुसऱ्याचा तिसऱ्यापाशी, तिसऱ्याचा चौथ्यापाशी. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. एक हळवा असला की शेजारचे दोघे त्याला सांभाळून घेतात.

पाण्याची घागर तिसऱ्या खुंटापाशी असायची, तिथं झाडाची सावली होती. बाकीच्या खुंटांपाशी बोटं भिजवायला आक्का कमरेला एक ओलं फडकं खोचून चालायची.

त्या सकाळी भिंगरी नवीन काहीतरी म्हणत होती. वाक्य तिनं स्वतः केलं होतं, त्यामुळं आवाज नेहमीपेक्षा चढा होता. "माय आंट वॉक्स बॅकवर्ड, बट शी डझ नॉट फॉल. माझी आत्या मागं चालते, पण पडत नाही." दोरवालासुद्धा हसला. मग पोरीला चेव आला. आत्यावरच वाक्यांवर वाक्यं. आत्या ताग वळते अँड मला गोष्टी सांगते. आत्या रागावते ऑर गप्प बसते. आक्का मागं जात होती आणि तिच्याबद्दल परक्या भाषेत काहीतरी बोललं जात होतं, ते तिला कळत होतं. असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

दुपारपर्यंत दोर वळून झाला. तात्यांची दोन माणसं आली, दोर काठीला अडकवून घेऊन गेली. उलगडून कुणी बघितला नाही. आक्कांच्या हातचा होता.

दिवेलागणीला आक्का हातपाय धुवायला बसली आणि तिनं कमरेचं फडकं काढलं. ते कडक वाळलेलं होतं. सकाळी घडी घालून खोचलं तशीच घडी. एरवी ते पाचदा भिजायचं आणि तागाच्या कुसांनी, सुट्या बारीक तंतूंनी, भरून जायचं. आज त्याला एक कूस चिकटलेली नव्हती.

ती ते हातात धरून बसून राहिली.

फडक्याला बोट लावलं नाही, म्हणजे बोटं घागरीत भिजवली. एकदा, वाक्यात आत्या आली तेव्हा. दुसऱ्यांदा भिंगरी हसत होती. तिसऱ्यांदाही. तिन्ही वेळा तिला घागरीचा गार काठ मनगटाला लागलेला आठवला. तिन्ही सांधे तिसऱ्या खुंटापाशी. एकाच जागी तिन्ही.

"वन्सं, पाणी गार झालं," वहिनी म्हणाली.

"हो."

ती घरात आली. भाऊ जेवत होता. भिंगरी त्याच्या शेजारी बसून त्याला पुठ्ठा दाखवत होती आणि तो घास हातात धरून, डोळे बारीक करून त्यावरचं अक्षर बघत होता. आक्कानं तोंड उघडलं असतं तर तो पुठ्ठा त्याच क्षणी चुलीत गेला असता. महिनाअखेरीला नऊ दिवस होते. तिनं ताट वाढून घेतलं आणि तसंच बाजूला सारलं.

तिनं ठरवलं की पहाटे जायचं. तात्या उतरायच्या आत गाठायचं, दोर मागून घ्यायचा, काहीतरी निमित्त सांगायचं. ताग ओला राहिला होता म्हणावं. हळूच सांगितलं तर तात्या ऐकतील. वर्षानुवर्षांची ओळख आहे.

तात्यांना हळूच काही ऐकूच येत नाही, हे तिच्या लक्षात आलं ते विहिरीच्या काठावर उभी राहिल्यावर.

नुकतं उजाडलं होतं. विहिरीवर तीन लाकडांची घडवंची, तिला कप्पी, कप्पीत तिचा तो नवा दोर. पिवळाधमक, सोन्यासारखा दिसत होता. तात्या धोतराचा काचा मारून दोराचं टोक कमरेला बांधत होते. आठ माणसं पहारी, टोपल्या घेऊन भोवती उभी होती.

"तात्या, दोर जरा परत हवा होता," आक्का म्हणाली.

"आँ?"

"दोर परत हवाय. ताग ओला राहिलाय."

"मोठ्यानं बोल. ह्या कानाशी."

ती उजव्या कानाशी गेली आणि तेच मोठ्यानं बोलली. तात्यांनी दोरावरून हात फिरवला. "ओला? हा? वाजतोय बघ. तुझ्या हातचा दोर मी आंधळेपणानं घेतो, आक्का. जा घरी."

"आक्का, दोर आवडला असेल तर झोपाळा बांधून देऊ का?" एक पहारवाला म्हणाला आणि बाकीचे हसले. तात्यांनी गाठ ओढून बघितली आणि एक पाय काठावर ठेवला.

"तात्या!" आक्का ओरडली. इतक्या मोठ्यानं ती नवरा गेला तेव्हासुद्धा ओरडली नव्हती. "माझी चूक झालीय! तिन्ही सांधे एका जागी आलेत!"

हसणं थांबलं. कुणीतरी पहार खाली टेकवली, तेवढाच आवाज झाला. तात्यांनी पाय मागं घेतला.

"तुझी चूक?" ते म्हणाले. "कशी?"

"माझं लक्ष नव्हतं!"

"तुझं? कुठं होतं?"

आठ माणसं तिच्याकडं बघत होती आणि तिला पदर कुठं सरळ करावा ते सुचेना.

तात्यांनी कमरेची गाठ सोडली, दोराला लोखंडी डोल बांधला, माणसाच्या वजनाइतके दगड त्यात भरायला लावले आणि डोल खाली सोडला. निम्मा दोर गेला, काही झालं नाही. तात्यांनी दोर धरून एक हिसका दिला. मग दुसरा. तिसऱ्याला, कप्पीच्या खाली, दोराच्या अंगावर केस उभे राहावेत तसा ताग उभा राहिला. तिन्ही पेड एकाच जागी उसवायला लागले. कुणी काही करायच्या आत टोक हलकं होऊन वर उडालं. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग खालून आवाज आला.

तात्यांना तोही आला नसावा. पण ते विहिरीत बघत होते.

शेवटी त्यांनी उरलेला दोर गोळा करून खांद्यावर टाकला. "चल," ते म्हणाले. दोघं घराकडं चालायला लागली. अर्ध्या वाटेवर ते म्हणाले, "तू बोलली नसतीस तर तुझ्या हाताला कुणी नाव ठेवलं नसतं. दगडावर घासला, तुटला, म्हटलं असतं."

"मला कळलं असतं ना!" ती त्यांच्या कानाशी ओरडली.

"हां. मलाही कळलं असतं. पण मी सांगायला वर आलो नसतो."

अंगणात चाक तयार होतं. भिंगरी मूठ धरून आत्याची वाट बघत होती, दोरवाला फणी पुसत होता. तात्यांनी दोर त्याच्यासमोर टाकला. तुटकं टोक वर आलं. दोरवाल्यानं ते उचललं, बोटांनी तिन्ही पेड अलग केले, आणि त्याला सांगावं लागलं नाही. घरचा रिवाज तोही जाणत होता.

त्यानं आधी तात्यांच्या अंगावरून नजर फिरवली, डोक्यापासून पायापर्यंत. धड आहेत हे बघितलं. मग तो भिंगरीकडं वळला.

"काय सांगितलं होतं मी?"

भिंगरीनं मूठ सोडली. "बाबा, मी चाक थांबवलं नाही."

"काय सांगितलं होतं?"

"खोट निघाली तर पुस्तक बंद." तिचा आवाज गेला. "मी काल जास्त बडबडले. मी आत्यावर वाक्यं केली."

दोरवाला चाकाशी गेला आणि चौकटीतले चार पुठ्ठे ओढून घेतले. दारात उभी असलेली त्याची बायको एका हातानं चौकट धरून म्हणाली, "अहो, लेकराचं काय त्यात—" पण तो चुलीच्या दिशेनं निघाला होता.

"थांब," आक्का म्हणाली. "चाक एकदा तरी चुकलं का तिचं? पीळ बघ. कुठं सैल लागतो?"

"पीळ चांगला आहे. सांधे तुझे आहेत. आणि तुझे सांधे कधी चुकत नाहीत. ह्या बडबडीनं तुझं लक्ष गेलं."

"गेलं नाही. मीच तिकडं दिलं."

"म्हणजे?"

"मी ऐकत होते. रोज ऐकते." तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. "शिकत होते मी."

तात्यांनी कान पुढं केला. "काय म्हणाली?"

दोरवाल्याला ओरडून सांगावं लागलं. "शिकत होती म्हणते! इंग्रजी!"

रस्त्यानं जाणारी दोन माणसं थांबली. आक्का खाली बघत होती. तिच्या पायांना मागं चालून चालून टाचेला मोठे घट्टे पडले होते, ते तिला आजच दिसल्यासारखे वाटले.

"एवढंच?" तात्या म्हणाले. "मला वाटलं, काही वाईट केलं." आणि ते फणीशेजारच्या दगडावर बसले.

दोरवाला बहिणीकडं बघत होता. रागानं म्हणावं तर तसं नाही. "आक्का," तो म्हणाला, "एक माणूस आज विहिरीत राहिला असता. मी शब्द दिलाय. घरात शब्द एकदाच दिला जातो."

"दिलास ना. मग पाळ. ज्याची खोट त्याचं पुस्तक बंद." ती चालत चाकापाशी गेली, भिंगरीला खांद्याला धरून बाजूला केलं आणि तिच्या जागी बसली. खालच्या खिळ्याची मूठ काढून तिनं वरच्या खिळ्याला लावली. "खोट माझी आहे. माझं पुस्तक बंद कर. आजपासून मी पेडाला हात लावत नाही. मी चाक फिरवते, तू मागं चाल. ताग मी आदल्या दिवशी विंचरून ठेवीन. ही शाळेत जाईल. घंटा अजून व्हायचीय."

"माझा गुडघा—"

"ठाऊक आहे तुझा गुडघा. हळू चाल."

"लोक काय म्हणतील? वीस वर्षांचा हात चाकावर बसवला म्हणतील."

"म्हणू दे. खरंच आहे."

दोरवाल्याच्या हातात पुठ्ठे तसेच होते. त्याची नजर चाकाच्या खालच्या खिळ्यावर गेली, आता मूठ नसलेल्या. मग त्यानं पुठ्ठे भिंगरीच्या हातात दिले, दिले म्हणजे जवळजवळ फेकलेच, आणि म्हणाला, "केस विंचर आधी. अशी जाणार आहेस का?"

आईनं एका हातानं पोरीची वेणी घालायचा प्रयत्न केला, जमेना. मग तसाच एक रुमाल बांधला. भिंगरी दप्तर घेऊन आत्यासमोर आली आणि उभी राहिली.

"जा," आक्का म्हणाली. "आणि ऐक. संध्याकाळी आलीस की मला सांगायचं, काय झालं ते."

"तुझं पुस्तक तर बंद आहे."

"पुस्तक बंद आहे. कान नाही."

दोरवाल्यानं कमरेला मोळी गुंडाळली. कित्येक वर्षांनी. आधी उलटी गुंडाळली, मग सोडून पुन्हा. आक्कानं आपल्या कमरेचं फडकं काढलं, घागरीत बुडवलं, आणि त्याच्या पुढं धरलं.

"हे असू दे. दुसऱ्या आणि चौथ्या खुंटाला."

"मला शिकवतेस?"

"नाही. आठवण करते."

त्यानं ते खोचलं. ती चाक फिरवायला लागली आणि तो मागं मागं जायला लागला, एक पाय जरा ओढत. त्याचा पेड जाड-बारीक येत होता. इथून दिसत होतं. आक्काची बोटं मुठीवर वळवळली. एकदा तर "डावा हात सैल!" हे शब्द दातांपर्यंत आले. तिनं ते गिळले. त्याच्या मागून, पट्टीच्या कडेनं, भिंगरी पळत गेली, आणि शाळेच्या वळणावर दिसेनाशी झाली. तात्या दगडावर बसून दोर होईपर्यंत थांबले. विहिरीवर आज काम नाही, असा त्यांनी निरोप पाठवला होता. दोर झाला तेव्हा त्यांनी तो पहिल्यांदाच हात हात उलगडून बघितला, आणि दोरवाल्यानं मान खाली घालून ते बघू दिलं.

आक्कानं पुन्हा पेडाला हात लावला नाही. वहिनीचा हात बरा झाल्यावर वहिनी मागं चालायला शिकली. लोक विचारत, "आक्कांच्या हातचा आहे का?" आणि दोरवाला सांगे, "नाही. बघून घ्या." ते उलगडून बघत.

पण ते पुढचं. त्या पहिल्या संध्याकाळी भिंगरी आली आणि चाकाला टेकून सगळा तास आत्याला सांगत बसली. बाईंनी तिच्याकडून वाक्य म्हणवून घेतलं, उलट्या पिळाची गोष्ट साऱ्या वर्गाला सांगायला लावली, आणि 'सो' मात्र दोनदा चुकला. आक्का तागाच्या कुसा वेचत ऐकत होती.

दोरवाला हातपाय धुवून आला. गुडघा चोळत थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं कमरेचं फडकं काढून बहिणीच्या मांडीवर टाकलं आणि घरात गेला.

फडकं तागाच्या कुसांनी भरलं होतं. आक्कानं ते दोन्ही हातांत धरून पिळलं. पाणी निघालं. खालच्या कोरड्या मातीत ते लगेच दिसेनासं झालं, पण तिनं फडकं पुन्हा पिळलं, आणि पुन्हा निघालं.